हॅलोविनला घरोघर जाणाऱ्या मुलाला कोणते शिष्टाचार शिकवावेत?

शरयू (न्यू जर्सी)
आमचा आठ वर्षांचा मुलगा येत्या ३१ ऑक्टोबरला प्रथमच शाळेतील मित्रांच्या टोळीबरोबर खाऊ मागायला घरोघर जाणार आहे. सोबतचे पालक रस्त्यावरच थांबतात, असे कळले. गेल्या वर्षी आमच्या दाराशी आलेल्या काही मुलांनी तोंडातून शब्दही न काढता पिशवी पुढे केली, आणि एकाने तर ‘हे नको, दुसरे चॉकलेट द्या’ असे सुनावले. इथल्या रीतीला धरून मुलाला नेमके काय शिकवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मिलिंद
पहिला नियम दिव्याचा: ज्या घराच्या दारावरचा दिवा बंद असेल, तेथील बेल वाजवायची नाही. हिरवळ तुडवत न जाता पायवाटेनेच जावे आणि आधीची मुले पायऱ्या उतरेपर्यंत खाली थांबावे. दार उघडल्यावर ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’) आणि निघताना ‘थँक यू’ एवढे म्हटले तरी पुरते. नावडत्या गोळ्यांची अदलाबदल घरी येऊन करता येते. दाराशी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा दिसला, तर तेथे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी खाऊऐवजी छोटी खेळणी किंवा पेन्सिली ठेवलेल्या असतात, हेही त्याला सांगून ठेवा, म्हणजे तो तोंड वाकडे करणार नाही.

अनुराधा
खरी परीक्षा दारात कोणी नसताना, ‘कृपया एकच घ्या’ अशी पाटी लावून ठेवलेल्या टोपलीपाशी होते. सिएटलमधील २७ घरांत हॅलोविनच्या रात्री केलेला एक प्रयोग १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १,३०० हून अधिक मुलांना ‘एकच घ्या’ असे सांगून घरातील बाई आत निघून जात आणि लपलेला निरीक्षक नोंद करी. एकट्याने आलेल्या आणि नाव-पत्ता विचारलेल्या मुलांपैकी फारच थोड्यांनी जास्त घेतले. मात्र टोळीने आलेल्या आणि कोणीही नाव न विचारलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांनी हात मारला. त्यामुळे केवळ उपदेश करण्याऐवजी टोळी तीन-चार मुलांचीच ठेवावी, सुरुवात ओळखीच्या शेजाऱ्यांपासून करावी, आणि आपल्या दारी येणाऱ्यांनाही नाव विचारावे. (पत्ता मात्र विचारू नये, आज ते कोणालाही रुचणार नाही.)

वसुधा
अनुराधाताईंचे म्हणणे पटते, परंतु शरयू, न बोलणाऱ्या प्रत्येक मुलाला उद्धट ठरवू नये. काही मुले लाजाळू असतात, काहींना इंग्रजी नीट येत नाही, तर काहींना बोलणेच अवघड जाते. ‘मग, काय म्हणायचे असते?’ असे दारात अडवून विचारणे मला तरी असभ्य वाटते. आयोवातील डि मॉइन शहरात खाऊ मिळण्याआधी मुलाने एखादा विनोद किंवा कोडे सांगण्याची जुनी चाल आहे. आपल्याकडे संक्रांतीला मुले घरोघर जाताना तिळगुळाचा डबा घेऊन जातात. त्यांना घ्यावेही लागते आणि द्यावेही लागते, म्हणून संकोच कमी होतो. तेव्हा मुलाला दोन छोटे विनोद पाठ करून द्या. एखाद्या आजोबांना ते ऐकू आले नाहीत, तर मोठ्याने पुन्हा सांगायचे, एवढे मात्र बजावा.

शरयू
आभारी आहे. विनोदांची तयारी आजपासूनच सुरू करते. टोळी मात्र नऊ जणांची ठरली आहे, म्हणून ती दोन गटांत विभागता येईल का, हे आधी इतर पालकांना विचारते.