चर्चा: तोंडाच्या कॅन्सरात रक्तवाहिन्या रोखणारं इंजेक्शन द्यावं का?

झाडीपट्टी:
खर्र्याने (तंबाखू-सुपारीने) झालेला तोंडाचा कॅन्सर उलटला की इकडे गावोगावी नातेवाईक बेव्हॅसिझुमॅब या रक्तवाहिन्या रोखणाऱ्या इंजेक्शनसाठी पैसा उभा करतात. माझं मत, करू नये. केमोसोबत हे इंजेक्शन देऊन पाहिलेल्या 403 पेशंटच्या अमेरिकन चाचणीत (2019) आयुष्याचा मध्यक 11 वरून 12.6 महिन्यांवर गेला, पण हा फरक सिद्ध झाला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र 0.5 वरून 6.7 टक्क्यांवर गेला.

वर्धा_पॅथॉलॉजी:
पटत नाही. गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे गेली की आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरत नाही. एरवी एचआयएफ-1 अल्फा हे प्रथिन तयार होताच मोडलं जातं: ऑक्सिजन वापरणारं एन्झाइम त्यावर खूण करतं, व्हीएचएल हे दुसरं प्रथिन ती ओळखून त्याला मोडीत काढायला पाठवतं. ऑक्सिजन घटला की खूणच होत नाही. प्रथिन साचतं, केंद्रकात शिरतं आणि व्हीईजीएफचं, म्हणजे रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या संदेशाचं, जनुक चालू करतं. ते व्हीईजीएफ शेजारच्या रक्तवाहिनीच्या अस्तराला चिकटलं की नवी फांदी फुटते. या वाहिन्या गळक्या असतात, त्यातून केमोही गाठीत धड पोचत नाही. बेव्हॅसिझुमॅब व्हीईजीएफलाच अडवतं, मग मूळ संदेशच का अडवू नये? बायोसिमिलर (मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपन्यांची औषधं) आल्यापासून किंमतही उतरली आहे.

झाडीपट्टी:
संदेश एकच असता तर मान्य केलं असतं. कॉक्स-2 या सुजेच्या एन्झाइमपासून बनणारं प्रोस्टाग्लँडिन ई-2 व्हीईजीएफ वाढवतं, ईजीएफआर हा पेशीवरचा वाढीचा रिसेप्टर वाढवतो, खर्र्यातलं निकोटिनही पेशीवरच्या रिसेप्टरमार्फत वाढवतं. त्यासाठी ऑक्सिजन कमीच असावा लागतो असं नाही. आणि व्हीईजीएफ अडवलं तरी वाहिन्या वाढवणारं दुसरं प्रथिन, एफजीएफ, उरतंच.

यवतमाळ_फार्मसी:
मग गोळ्यांचं बोला ना भाऊ. टाटा मेमोरियलच्या 422 पेशंटच्या चाचणीत (2020) आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (केमोची गोळी) शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 15 मिग्रॅ आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब 200 मिग्रॅ दिलं. आयुष्याचा मध्यक 7.5 महिने, सिस्प्लॅटिन या केमोच्या इंजेक्शनवर 6.1. सेलेकॉक्सिबने कॉक्स-2 दाबून रक्तवाहिन्यांची वाढ रोखायची, हा त्यामागचा एक विचार.

पण घोळ घरी होतो. दीड चौरस मीटरच्या माणसाला 22.5 मिग्रॅ, म्हणजे अडीचच्या नऊ गोळ्या, आठवड्यातून एकाच दिवशी. त्या रोज घेतल्या तर तोंड सोलून निघतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीवही जातो. पाकिटावर वार मराठीत लिहून द्या. दुखतं म्हणून वरून डायक्लोफेनॅक देऊ नका. सेलेकॉक्सिबसोबत किडनीवर दुहेरी ताण येतो आणि मेथोट्रेक्सेट अंगात साचतं. मे महिन्यात, चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर असताना, पेशंट पाणी गिळू शकत नसेल तर क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) पाहिल्याशिवाय पुढचा डोस नको. नळीतून द्यायची म्हणून मेथोट्रेक्सेट घरी कुटू नका, तिची पूड विषारी असते.

वर्धा_पॅथॉलॉजी:
ही काळजी शंभर टक्के बरोबर. पण त्या चाचणीत तुलना सिस्प्लॅटिनशी होती, बेव्हॅसिझुमॅबशी नाही. तिच्यावरून इंजेक्शन बाद ठरत नाही. मानेतल्या मोठ्या वाहिनीला गाठ चिकटलेली असेल, तोंडातून रक्त येत असेल, तर मीही नाही म्हणेन. बाकीच्यांचा निर्णय स्कॅन पाहून व्हावा. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर आधी आणि नंतर किमान 28 दिवस इंजेक्शन बंद, नाहीतर जखम भरत नाही.

झाडीपट्टी:
स्कॅनची अट मान्य. पण गोळ्या आधी, इंजेक्शन नंतर, यावर मी ठाम आहे.