मदत हवी आहे: चिनी रेशीम धाग्याविरुद्ध अँटी-डंपिंगचा अर्ज कोष पिकवणाऱ्यांना करता येतो का?

तुतीचा मळा, जालना:

नमस्कार मंडळी. परदेशी माल त्यांच्या देशातल्या भावापेक्षा स्वस्तात इथं ओतला (डंपिंग), तर त्यावर लावायच्या जादा शुल्काचा, म्हणजे अँटी-डंपिंगचा हा प्रश्न आहे. किचकट आहे, पण आमच्या भागातल्या कितीतरी घरांचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जालना-बीडकडं कपाशी मोडून तुती लावणारे बरेच झालेत. 2018 ला जालन्याच्या बाजार समितीत कोष खरेदी सुरू झाली, तेव्हापासून गाडी भरून कर्नाटकात रामनगरला जाण्यावाचून गत्यंतर नाही असं राहिलं नाही. पुढं आम्ही काही शेतकऱ्यांनी मिळून कंपनी नोंदवली आणि कोषातून धागा काढायचं छोटं रिलिंग युनिट टाकलं. थोडे कोष विकतो, उरलेल्यांचा धागा स्वतः काढतो.

किलोभर धाग्याला आमचे बायव्होल्टाईन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या जातीचे) कोष साडेसहा-सात किलो लागतात. मागच्या हंगामात व्यापाऱ्यानं चिनी धाग्याचा जो भाव सांगितला, तो आमच्या नुसत्या कोषांच्या खर्चाला जवळपास टेकला होता. वीज, मजुरी, पॅकिंग सगळं त्याच्या वर. असा भाव आला की रिलर दुसऱ्याच दिवशी कोषाची बोली खाली आणतो. तुतीचा पाला, अंडीपुंज (रेशीमकिड्यांची अंडी), चॉकी (लहान अळ्यांचं संगोपन), शेडचं निर्जंतुकीकरण यांचा खर्च मात्र तेवढाच राहतो.

कायद्याची माहिती काढली. 1975 च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्यात डंपिंगसाठी कलम 9ए आहे आणि परदेशी सरकारच्या अनुदानासाठी कलम 9. तपास दिल्लीचं व्यापार उपाय महासंचालनालय, म्हणजे डीजीटीआर करतं, शुल्क लावतं वित्त मंत्रालय. चिनी तुती रेशमावर 2003 मध्ये असं शुल्क लागलं होतं. पुढं 3ए आणि त्यावरच्या दर्जाच्या धाग्यावर किलोला 1.85 डॉलर शुल्क पाच वर्षांसाठी लागलं. म्हणजे वाट आहे.

मला अडलंय ते इथं. तपासात देशी उद्योगाचं नुकसान सिद्ध करावं लागतं. पण धाग्याचा भाव पडला की रिलर कोषाचा भाव पाडतो आणि त्याची वही जेमतेम का होईना जुळते. नुकसान होतं ते आमच्या शेडमध्ये, आणि आमच्या वह्या कुणी मागतच नाही. शेतकऱ्याचं हे नुकसान या कायद्याला दिसतं का? अर्ज कुणी करायचा, आमच्या कंपनीनं की रिलरांनी? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

मागावरची, पैठण:

दादा, तुमचं दुखणं कळतं. पण आमची बाजू पण मांडते. पैठणीच्या ताण्याला (मागावरच्या उभ्या धाग्यांना) आम्हाला एकसारखा, न तुटणारा धागा लागतो. चिनी धाग्यात ती खात्री मिळते, म्हणून घेतो, नुसता स्वस्त म्हणून नाही. ताणा सारखा तुटायला लागला की अख्खा दिवस गाठी मारण्यात जातो. शुल्क लागलं तर साडीचा खर्च वाढणार, आणि गिऱ्हाईक आत्ताच यंत्रमागाच्या साडीकडं वळतंय. असा तपास होतो तेव्हा आमच्यासारख्यांना कुणी विचारतं का?

खर्चपत्रक, छत्रपती संभाजीनगर:

दोघांच्या प्रश्नांना जमेल तसं उत्तर देतो. कॉस्टिंगचं काम करतो, अशा अर्जांचे तक्ते भरलेत.

ताई, हो, विचारतात. 1995 च्या अँटी-डंपिंग नियमांमध्ये माल वापरणाऱ्या उद्योगांना म्हणणं मांडायची संधी द्यावीच लागते. संघटनेमार्फत लेखी द्या आणि त्यात धागा तुटण्याचा मुद्दा आकड्यांनिशी घाला. दर्जाचा फरक हा तपासात खरोखर वजनाचा मुद्दा असतो.

दादा, सीमाशुल्काच्या यादीत कोष 5001 खाली येतात, कच्चं रेशीम 5002 खाली. आयात धाग्याची होतेय, त्यामुळं ‘देशी उद्योग’ म्हणजे धागा काढणारे. नुसते कोष विकणारे त्यात बसत नाहीत. तुमचं युनिट मात्र बसतं, आणि तुमच्या मूळ प्रश्नाची किल्ली तिथंच आहे. बाहेरून कोष घेणारा रिलर कोषाचा खर्च खरेदीच्या भावानं दाखवतो, त्यात शेतकऱ्याचा तोटा झाकला जातो. तुम्ही स्वतःच्या कोषांचा धागा काढता, तेव्हा कोष उत्पादनखर्चानं धरून हिशेब मांडता येतो. मग तो तोटा धाग्याच्या पत्रकात दिसतो. त्यासाठी शेडमधली नोंद बॅचवार हवी: अंडीपुंज किती, पाला किती, मजुरी किती, कोष किती उतरले. तपासाचं एक वर्ष आणि त्याआधीची तीन वर्षं, एवढे आकडे साधारण मागतात. नुसता नफा-तोटा बघत नाहीत. उत्पादन, क्षमतेचा वापर, पडून राहिलेला साठा, आयात मालामुळं भाव किती दबला, हे सगळं तपासतात.

खरी चढण पाठिंब्याची आहे. अर्जाला पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या किमान 25 टक्के लागतं. शिवाय जे बाजू घेतात, त्यांच्यात पाठिंबा देणाऱ्यांचं उत्पादन विरोधकांपेक्षा जास्त हवं. 2023-24 मध्ये देशात सगळ्या प्रकारचं मिळून सुमारे 38,900 टन कच्चं रेशीम झालं, त्यात तुतीचं तीस हजारांच्या आसपास. म्हणजे साडेसात हजार टनांचा पाठिंबा. कर्नाटक-आंध्रच्या रिलरांच्या संघटना सोबत असल्याशिवाय हे होणार नाही. अर्ज वरच्या दर्जाच्या धाग्यापुरता ठेवला तर ज्याचे 25 टक्के काढायचे ते एकूण उत्पादन लहान होतं, मागच्या शुल्कातही दर्जा ठरवलेलाच होता. मात्र त्या दर्जाचा धागा आपण काढतो, हे चाचणी अहवालानं दाखवावं लागेल.

चीनमधला भाव शोधत बसू नका. चिनी मालाच्या बाबतीत तिथले देशांतर्गत भाव बहुतेक वेळा ग्राह्य धरत नाहीत, सामान्य मूल्य, म्हणजे डंपिंग मोजायला धरायचा तिथला रास्त भाव, हिशेबानं बांधून काढतात, आणि त्याला आपल्याकडच्या उत्पादनखर्चाचा आधार घेतात. म्हणून तुमची वही दुप्पट मोलाची आहे.

वेळ लागतो. तपास सुरू झाल्यावर निष्कर्षाला वर्षभर, वाढवला तर आणखी सहा महिने. नंतर शुल्क लावायचं की नाही ते वित्त मंत्रालय ठरवतं, शिफारस मानायचं बंधन त्याच्यावर नाही. अनुदानाची तक्रार वेगळी करावी लागते. ट्रक-बसच्या चिनी रेडियल टायरवर 2017 ला अँटी-डंपिंग आणि 2019 ला अनुदानाविरुद्धचं शुल्क लागलं, पण त्यामागं मोठे कारखाने होते. तुम्ही आधी डंपिंगवरच लक्ष ठेवा.

तुतीचा मळा, जालना:

साहेब, मनापासून आभार. कोष उत्पादनखर्चानं धरायचा, हे कुणीच सांगितलं नव्हतं. परवाच्या बैठकीत पहिला विषय हाच घेतो.

ताई, तुमचंही पटलं. आमच्या धाग्याची लडी पाठवतो, ताण्याला लावून बघा आणि कुठं तुटतो ते स्पष्ट कळवा. सुधारणा आम्हालाच करायची आहे.

बीड, परभणी, धाराशिवकडं कुणाचं रिलिंग युनिट असेल आणि मागच्या तीन-चार वर्षांच्या बॅचवार नोंदी असतील, तर इथंच निरोप टाका. रामनगरच्या रिलर संघटनेत कुणाची ओळख असेल तरी सांगा. कन्नड येणारा माणूस सोबत मिळाला तर फार बरं होईल.