कादंबरी आधी की चित्रपट आधी? वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी मत हवे आहे

पैनगंगाकाठ (मेहकर तालुका)

नमस्कार. मी मेहकर तालुक्यातील एका खेड्यात राहतो आणि गावातील ‘ड’ वर्ग वाचनालयाच्या कार्यकारिणीत काम करतो. १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाला यंदा भाषणे न ठेवता कादंबरीवर आधारित एखादा चित्रपट पडद्यावर दाखवावा आणि त्यावर चर्चा घ्यावी, असा प्रस्ताव तरुण सभासदांनी मांडला आहे. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी चालू असल्यामुळे कार्यक्रम रात्रीच ठेवावा लागेल, आणि दिवसभर शेतात राबून आलेली माणसे भाषणापेक्षा चित्रपटाला आनंदाने बसतील, हे मलाही पटते. तरीही होकार देताना मन अडखळते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ मी चित्रपट येण्याच्या बऱ्याच आधी वाचली होती. नववीतला मुकुंद स्वतःच सगळे सांगतो. आपण त्याच्या डोळ्यांनी बाकीच्यांना पाहतो, पण तो स्वतः कसा दिसतो हे आपल्या मनावर सोडलेले असते. माझ्या मनातला मुकुंद आमच्या जिल्हा परिषदेच्या टिनाच्या छपराच्या शाळेत बसत असे. कादंबरीतले गाव वेगळे आहे हे ठाऊक असूनही त्याला मी तिथेच बसवले होते. २०१२ साली चित्रपट पाहिला. तो मनापासून केलेला आहे, मुलांची कामे सुंदर झाली आहेत, आणीबाणीच्या काळाचे सावटही त्यात आहे. परंतु त्यानंतर पुस्तक उघडले की पडद्यावरचीच मुले समोर येतात. माझा मुकुंद मला परत मिळालेला नाही, आणि याचे दुःख मला आजही होते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्याच चित्रपटानंतर आमच्या वाचनालयातील ‘शाळा’ची प्रत शिवण सुटेपर्यंत गावात फिरली. ज्या मुलांनी पाठ्यपुस्तकाबाहेरचे पान कधी उलटले नव्हते, ती मुले रांगेने नाव लावून गेली. ज्या चित्रपटाने माझे काही हिरावून घेतले, त्यानेच इतरांना वाचनाची गोडी लावली, त्यामुळे त्याच्यावर रागही धरता येत नाही.

सभासदांचा आग्रह ‘बारोमास’साठी आहे. सदानंद देशमुख आपल्याच बुलडाणा जिल्ह्याचे. या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि धीरज मेश्राम यांनी २०१२ मध्ये तिच्यावर चित्रपट केला. मात्र तो हिंदीत आहे. शिकूनही शेतीतच अडकलेला एकनाथ आणि त्याच्या घरातली माणसे पानापानांवर आमच्या बोलीत भांडतात, रडतात. ती माणसे हिंदीत बोलताना ऐकून आमच्या गावाला काय वाटेल, याची मला चिंता आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही अशांना चित्रपट आधी दाखवावा का, आणि दाखवायचाच तर कोणता, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

ग्रंथपाल (दारव्हा तालुका)

सर, आपली अडचण मला रोजच्या कामातून परिचित आहे. चित्रपट पाहून आलेला वाचक वाचनालयाची पायरी चढतो हे खरे, पण त्यातले बरेच जण पुस्तक अर्ध्यावरच परत आणून देतात, कारण ते पुस्तकात चित्रपटातले प्रसंग त्याच क्रमाने शोधत असतात. कधी नावानेही गोंधळ होतो. उद्धव शेळके यांची ‘धग’ ही १९६० सालची कादंबरी, कौतिक नावाच्या बाईच्या झुंजीची. तर २०१२ च्या ‘धग’ चित्रपटाची गोष्ट स्मशानात काम करणाऱ्या कुटुंबाची आहे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. चित्रपट पाहून आलेल्या वाचकांना मी हे आधीच सांगते आणि तरीही कौतिकची ‘धग’ हाती ठेवते. ती वाचणारा सहसा निराश होत नाही.

मला स्वतःला ‘पथेर पांचाली’ने शिकवले. विभूतिभूषणांची कादंबरी मी अनुवादातून वाचली आणि सत्यजित राय यांचा १९५५ चा चित्रपट नंतर पाहिला. चित्रपटात काशफुलांच्या रानातून दुर्गा आणि तिचा धाकटा भाऊ अपू रेल्वेकडे धावत जातात, ते दृश्य जगभर गाजले. कादंबरीत मात्र दुर्गा रेल्वे न पाहताच जाते. आजारपणात ती भावाला म्हणते की मी बरी झाले की मला गाडी दाखव. ज्या मुलीला लेखकाने ती गाडी कधीच दाखवली नाही, तिला दिग्दर्शकाने रुळांच्या दिशेने धावू दिले. आमच्या दारव्ह्यावरून जाणारी ‘शकुंतला’ ही छोटी रेल्वे बंद पडल्यापासून इथल्या लहान मुलांनाही गावाजवळ गाडी दिसत नाही, त्यामुळे असेल कदाचित, पण मला या दोन्ही दुर्गा हव्याशा वाटतात. कादंबरीतली दुर्गा अधिक छळते. चित्रपट आधी पाहिला असता, तर तिची ती अपुरी राहिलेली इच्छा मला इतकी लागली नसती. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: वाचन आधी.

कोरडवाहू (यवतमाळ जिल्हा)

ताईंच्या मताशी मी सहमत आहे, आणि माझे कारण शेतकऱ्याचे आहे.

आर. के. नारायण यांच्या ‘द गाइड’ या १९५८ च्या कादंबरीत दुष्काळी गावाने साधू मानलेला राजू पावसासाठी उपवास करतो. शेवटच्या पानावर तो नदीच्या पात्रात उभा असतो, डोंगरात पाऊस पडतो आहे, तो मला पायांखाली जाणवतो आहे असे म्हणतो आणि खाली कोसळतो. पाऊस खरोखर आला की नाही, तो मेला की नाही, हे लेखक सांगत नाही. १९६५ च्या ‘गाइड’ चित्रपटात विजय आनंद यांनी पाऊस पाडला. गाव भिजते, लोक नाचतात, राजू प्राण सोडतो. नारायण यांना तो चित्रपट रुचला नव्हता आणि त्यांनी त्यावर नाराजीचा लेखही लिहिला, कारण त्यांच्या मालगुडीची सगळी भूमीच बदलून कथा राजस्थानात नेली गेली होती.

मृग कोरडा गेल्यावर आभाळाकडे बघत काढलेले दिवस ज्याने अनुभवले आहेत, दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणले आहे, त्याला कादंबरीचा तो शेवट अंगावर येतो. आम्हालाही डोंगरापलीकडे पाऊस दिसतो, वास येतो, आणि शिवार कोरडेच राहते. लेखकाने तो प्रश्न तसाच उघडा ठेवला, यात मला आमच्या जगण्याविषयीचा आदर दिसतो. चित्रपटातला पाऊस पाहताना डोळे भरून येतात हे मी नाकारत नाही, पण तो पाऊस प्रेक्षकाची समजूत काढण्यासाठी पडलेला आहे असे मला नेहमी वाटते.

असे असूनही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. ‘गाइड’ची नायिका रोझी नर्तकी आहे हे मी कादंबरीत वाचले होते, पण तिचे नृत्य मला दिसले नव्हते. भरतनाट्यम कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या माणसाला त्याचे शब्दांतले वर्णन किती पोहोचणार? वहीदा रहमान यांना पाहिले तेव्हा नवऱ्याच्या घरात तिचा जीव का गुदमरत होता, ते मला उमगले. पुढच्या वाचनात ते नृत्य माझ्यासोबत होते, आणि त्याने कादंबरीचे काही नुकसान केले नाही.

सिनेवाचक (धामणगाव रेल्वे)

आदरणीय सर, ताई आणि भाऊ, मी थोडा विरोध नोंदवतो. कादंबरीशी प्रामाणिक राहणे म्हणजे तिचे प्रत्येक पान चित्रित करणे, असे आपण गृहीत धरतो. ‘सिंहासन’ पाहा. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी १९७९ मध्ये चित्रपट केला. कितीतरी काही गाळले गेले असेल. तरीही सत्तेची ती दालने, तो कावा आणि पत्रकार दिगू टिपणीसची हतबलता पूर्णपणे उतरली. दिगूला मी आधी पुस्तकात भेटलो होतो, पण निळू फुले यांना पाहिल्यानंतर माझ्या मनातला दिगू फिका होता हे मला मान्य करावे लागले. सर, मनातले चित्र प्रत्येक वेळी श्रेष्ठच असते असे नाही.

‘बारोमास’च्या बाबतीत मात्र आपली चिंता मला रास्त वाटते. पडद्यावर वऱ्हाडी बोलणारे पात्र दिसले की ते बहुधा हसवण्यासाठीच आणलेले असते, असा आपल्या लोकांचा अनुभव आहे. देशमुखांच्या आणि शेळक्यांच्या कादंबऱ्यांनी त्याच बोलीत माणसाचे सगळे दुःख मांडून दाखवले, आणि हिंदी चित्रपटात नेमकी तीच गोष्ट येऊ शकत नाही. तो हिंदीत असल्यामुळे महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला शेतकऱ्याचे घर आतून दिसू शकते, हे त्याचे मोल आहे. आपल्या गावाला मात्र ते घर दाखवण्याची गरज नाही.

म्हणून माझी सूचना अशी की चित्रपटाच्या आधी ‘बारोमास’चे अभिवाचन ठेवावे. वाचणारी माणसे गावातलीच असावीत: एखादी आजी, एखादा शेतकरी, महाविद्यालयात जाणारा एखादा मुलगा. ज्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत कादंबरी त्यांच्याच बोलीत आधी पोहोचेल, आणि नंतर पडद्यावरचे हिंदी ऐकताना कानात मूळ आवाज असेल.

पैनगंगाकाठ (मेहकर तालुका)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अभिवाचनाची कल्पना कार्यकारिणीत आजच मांडली आणि ती सर्वांना आवडली. सप्टेंबरभर, मूग-उडीद घरात आल्यानंतर, दर शनिवारी रात्री मंदिराच्या सभामंडपात ‘बारोमास’चे काही भाग वाचायचे आणि १५ ऑक्टोबरला चित्रपट दाखवायचा, असे ठरत आहे. ‘शाळा’विषयीचे माझे दुःख कमी झालेले नाही, पण निदान आमच्या गावातल्या माणसांच्या मनात एकनाथचा चेहरा आधी त्यांचा स्वतःचा तयार होईल. सिनेवाचक भाऊ, निळू फुले यांच्याविषयी आपण लिहिले ते मला निरुत्तर करणारे आहे.

ग्रंथपाल (दारव्हा तालुका)

सर, निर्णय उत्तम झाला. एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी: चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवण्यासाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागते, प्रवेश विनामूल्य असला तरीही. तेव्हा पत्रव्यवहार आत्ताच सुरू करावा. परवानगी वेळेत मिळाली नाही, तर त्या रात्रीही अभिवाचनच ठेवावे. आणि वाचणाऱ्यांत सासू-सुनेचे संवाद बायकांनाच द्यावेत, पुरुषांनी वाचू नयेत. आमच्याकडे एका कार्यक्रमात तसे केले होते, तेव्हा मागे बसलेल्या बायका पुढच्या रांगेत येऊन बसल्या होत्या.