डाग ‘चांगला’ नेमका केव्हा होतो?

जाहिराती वाईट शब्दांचे अर्थच पालटून टाकतात, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. १९८० च्या दशकात टीव्ही विकणाऱ्या ओनिडाने शिंगे-शेपटीवाला सैतान उभा करून शेजाऱ्याचा मत्सर ही मालकाची मिरवण्याची गोष्ट केली आणि पुढे कुरकुरे या खाऊच्या जाहिरातीने ‘टेढा’ (वाकडा) हा शब्द लाडाचा करून घेतला; तेथे शब्द खरोखरच पालटले. सर्फ एक्सेलच्या ‘दाग अच्छे हैं’चे मात्र तसे नाही. कुणाच्या मदतीला धावताना मूल चिखलाने माखते आणि त्याबद्दल हळहळू नये, असे ती जाहिरात सांगते खरे. पण तेथे डाग चांगला ठरतो तो धुऊन निघणार असतो म्हणूनच, म्हणजे जुना, वाईट अर्थ शाबूत राहिल्याखेरीज पावडर खपणार नाही. (पावडर विकणाऱ्याने दुसरे काय सांगावे म्हणा!) परवा नागपूरच्या बर्डीवर तर्री-पोहे (झणझणीत रस्सा घातलेले पोहे) खाताना माझ्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीवर तर्रीचा थेंब उडाला, घरी साबण लावताच हळदीमुळे तो पिवळ्याचा लाल झाला, आणि दोनदा धुऊनही त्याची फिकट कडा अजून दिसते. त्या डागाला चांगले म्हणायला मी तयार आहे, कारण पोहे खरोखरच झकास होते.