मदत हवी आहे: गुडघ्याचं ऑपरेशन आणि लेकीचं लग्न

माझ्या उजव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट होऊन आज ५ आठवडे झाले. धाकट्या लेकीचं लग्न अजून ७ आठवड्यांवर आहे. वॉकर सुटला, आता काठी घेऊन चालते. गुडघा ९५ अंशांपर्यंत वाकतो. फिजिओथेरपिस्ट ताई म्हणतात, ११०च्या पुढे जायला हवा, म्हणजे खुर्चीतून उठणं आणि जिने चढणं सोपं होईल. टाच सरकवण्याचा आणि मांडी आवळून धरण्याचा व्यायाम दिवसातून तीनदा करते, नंतर बर्फाने शेकते. तरी संध्याकाळी सूज येतेच.

डॉक्टरांनी जमिनीवर मांडी घालायला सक्त मनाई केली आहे. खरी काळजी इथेच आहे. सीमांतपूजन, घाणा भरणं, कन्यादान, सगळं पाटावर बसून. गुरुजी म्हणाले, खुर्चीवर बसून केलं तरी चालतं. पण हे पाटावर आणि मी खुर्चीत, हे मनाला पटत नाही. दोघांनाही सारख्या उंचीचे चौरंग किंवा स्टुलं कोणी केली होती का? होमासमोर ते कसं जमलं?

दुसरं, कार्यालयात लिफ्ट नाही, हॉल पहिल्या मजल्यावर आहे. नऊवारी नेसून काठीसह जिना चढणं जमेल, की त्या दिवशी सहावारीच बरी?

हे ऑपरेशन झालेल्या किंवा घरात कोणाचं झालेल्या मैत्रिणींनो, बाराव्या आठवड्यात सलग किती वेळ उभं राहता येत होतं, तेही सांगा. मंगलाष्टकं होईपर्यंत मला लेकीच्या मागे उभं राहायचं आहे.