शिंजीराच्या गळ्याची झळाळी जलरंगात कशी आणू? मदत हवी आहे

जांभळ्या शिंजीर पक्ष्याचा नर रंगवतेय, ३०० जीएसएम हॉट प्रेस (जाड, गुळगुळीत) कागदावर. चोच, डोळा, पाय जमलेत, अडलंय गळ्यापाशी. तिथली चमक पिसाच्या सूक्ष्म रचनेची. मान जराशी वळली की जांभळ्याचं हिरवट निळं होतं. आधी काळा देऊन वर निळा-जांभळा चढवला, तर नुसता चिखल झाला. अभ्रकाचा रंग लावला: हातात धरलं की झकास, स्कॅन केलं की राखाडी डाग! चित्र छापायचंय, म्हणून एकोणिसाव्या शतकातले इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गूल्ड यांच्या हमिंगबर्डच्या चित्रांसारखा सोन्याचा वर्खही बाद. गुआश (अपारदर्शक जलरंग) चालेल, संगणकावरची दुरुस्ती नको. तर चमकत्या जागा कोऱ्या राखून फिक्याकडून गडदाकडे जावं, की गडद थर वाळल्यावर ओल्या ब्रशने रंग उचलावा? आणि जांभळा-निळा भेटतो तिथली कड मऊ ठेवता की तुटक?