मुलं वर्गात असतात, पण शाळेत नसतात. काय करावं?

अर्धाखडू
नमस्कार मंडळी. मी आठवीची क्लास टीचर आहे. प्रश्न दंगा करणाऱ्या मुलांचा नाहीये, त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतंच, चुकीचं का होईना. स्पर्धा, भाषणं, नाटक सगळीकडे पुढे पुढे असणारी जी सात-आठ डोकी असतात त्यांचाही नाही. मधली मुलं असतात ना, वह्या पूर्ण, हजेरी बरी, मार्क पन्नास-साठच्या घरात, कधी तक्रार नाही. पालकसभेत त्यांच्या आईवडलांना सांगायला माझ्याकडे धड वाक्य नसतं, "चांगला आहे, अभ्यास थोडा वाढवा" एवढं बोलून पुढचा नंबर. ही मुलं येतात, बसतात आणि घंटा झाली की जातात. वर्गात काय चाललंय याच्याशी त्यांचा काही संबंध आहे असं वाटतच नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ती गैरहजर असली की दुपारपर्यंत कळत नाही.

आमच्या मुख्याध्यापकांचं उत्तर ठरलेलं, अॅक्टिव्हिटी वाढवा. म्हणून दर महिन्याला कसला ना कसला 'डे', आणि प्रत्येक वेळी स्टेजवर तीच सात-आठ डोकी, बाकीची खुर्च्या लावतात आणि टाळ्या वाजवतात. या मुलांना शाळा आपली वाटावी म्हणून तुमच्याकडे कुणी काही वेगळं केलंय का? भाषण नको, करता येण्यासारखं सांगा.

निळीशाई
मॅडम, अगदी नेमका प्रश्न. आमच्या शाळेत आता दर सत्राच्या सुरुवातीला एक प्रकार करतो तो सांगतो. सगळ्या विद्यार्थ्यांच्या नावांच्या याद्या स्टाफरूमच्या भिंतीवर लावायच्या. प्रत्येक शिक्षकाने पेन घ्यायचं आणि ज्या मुलाबद्दल आपल्याला मार्क आणि वागणूक सोडून काहीतरी माहिती आहे, म्हणजे त्याला काय आवडतं, घरी कोण कोण आहे, कशाची भीती वाटते, असं काहीही, त्याच्या नावापुढे ठिपका द्यायचा. शिपाई, ग्रंथपाल, ऑफिसमधली माणसं सगळ्यांना घ्या, त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहिती असते हे तेव्हाच कळतं. अर्ध्या तासात चित्र समोर. काही नावांपुढे पंधरा ठिपके, आणि काहींपुढे एकही नाही. तुमची मधली मुलं बरोब्बर तिथे सापडतील.

मग बिनठिपक्याची नावं आपसात वाटून घ्यायची. एका मोठ्या माणसाकडे दोन-तीन मुलं, त्याहून जास्त नको. त्यांना काही सांगायचं नाही, कार्यक्रम करायचा नाही. फक्त बोलायचं. रेमंड व्लॉडकॉव्स्की नावाच्या अभ्यासकाची जुनी युक्ती आहे, एका मुलाशी रोज दोन मिनिटं, असं सलग दहा दिवस, अभ्यास सोडून कशावरही बोलायचं. पहिले काही दिवस "हो सर", "नाही सर" च्या पुढे गाडी जात नाही आणि आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं, पण तिथे सोडायचं नाही. ती मुळात वर्गातल्या सगळ्यात अवघड मुलासाठी म्हणून सांगितली जाते, माझ्या मते गप्प मुलांसाठी जास्त उपयोगी आहे.

तासिका_तीस
सर, ऐकायला छान आहे. पण एका वर्गात साठ मुलं, दिवसाला सहा तास, वर पेपर तपासणी, ऑनलाइन माहिती भरा, सर्वेक्षण, अजून काय काय. दोन मिनिटं कुठून आणायची? आणि आपलेपणा वाटून सिलॅबस पूर्ण होतो का? मी कडवट वाटत असेन तर वाटू दे, पण असल्या प्रत्येक गोष्टीचं ओझं शेवटी वर्गशिक्षकाच्याच डोक्यावर येतं.

आकडेमोड
तासिकाताई, कडवट नाही, बरोबर आहे. पण "आपलेपणा की सिलॅबस" अशी निवड खरं तर नसते. मी शिक्षणशास्त्रात संशोधन करतो म्हणून थोडं लांबण लावतो, कंटाळा आला तर पुढे सरका.

मुलाचा सहभाग म्हणजे हात वर करणं एवढंच आपण धरतो. २००४ मध्ये फ्रेड्रिक्स, ब्लुमेनफेल्ड आणि पॅरिस या तिघींनी तोवरचं सगळं संशोधन गोळा करून त्याचे तीन पदर सांगितले. एक वागण्यातला, म्हणजे येणं, बसणं, काम करणं. दुसरा भावनेचा, इथे मला बरं वाटतं का, मी कुणाला हवा आहे का. तिसरा डोक्याचा, समजून घ्यायला स्वतःहून धडपडतो का. मॅडमच्या मधल्या मुलांचा पहिला पदर शाबूत असतो म्हणून ती आपल्या नजरेतून सुटतात, कारण हजेरीपटावर फक्त तेवढाच दिसतो. दुसरा सुटला की तिसराही हळूहळू सुटतो, आणि मग सिलॅबस आपला पूर्ण होतो, त्यांचा नाही.

कॅरल गुडनाऊ यांनी १९९३ मध्ये शाळेतला आपलेपणा मोजायला १८ विधानांची प्रश्नावली केली. त्यातला रोख बघा, मी काही चांगलं केलं तर इथे कुणाच्या लक्षात येतं का, मी जसा आहे तसा इथे राहू शकतो का, असा. स्टेज मिळालं का हे त्यात कुठेच येत नाही.

आता वेळेचं. दारात उभं राहून प्रत्येक मुलाला नावाने हाक मारून आत घेणं, याचा अभ्यास क्लेटन कुक आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं कामात गुंतलेली असण्याचं प्रमाण २० टक्के अंकांनी वाढलं. वर्ग फक्त दहा होते, त्यामुळे फार नाचायला नको, पण तुमचा तास सुरू होताना पहिली पाच मिनिटं "शांत बसा" म्हणण्यात जात असतील तर ती तशीही गेलेलीच आहेत.

अजून एक, वहीतला शेरा. येगर, कोहेन वगैरेंचा अमेरिकेतला २०१४ चा प्रयोग आहे. सातवीच्या मुलांचे निबंध शिक्षकांनी नेहमीसारखे तपासले आणि सोबत एक चिठ्ठी जोडली. काहींना लिहिलं, तुला अभिप्राय मिळावा म्हणून हे शेरे दिलेत. काहींना लिहिलं, हे शेरे दिलेत कारण माझ्या अपेक्षा उंच आहेत आणि तू तिथवर पोहोचशील हे मला माहिती आहे. पुन्हा लिहायचं की नाही हे मुलांच्या मर्जीवर होतं. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांमध्ये, म्हणजे ज्यांना शिक्षक आपल्याकडे कसं बघतात याची कायम शंका असते त्यांच्यात, पुन्हा लिहिणाऱ्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून ७२ वर गेलं. इथेही मुलं थोडीच होती. पण "अजून प्रयत्न हवा" या शेऱ्याने काय होतं ते आपण सगळ्यांनी आयुष्यभर बघितलंय की.

शेवटचाबाक
मी शिक्षक नाही, धाग्याचं शीर्षक बघून आलो. मी ते मधलं मूल होतो, म्हणून दुसरी बाजू.

कृपा करून आम्हाला "खुलवू" नका. एका बाईंना वाटलं मी बुजरा आहे, मग दर शुक्रवारी वर्गासमोर उभं करून काहीतरी बोलायला लावायच्या. त्यांचा हेतू चांगलाच असणार, पण मला गुरुवारी रात्री पोटात गोळा यायचा. माझं शाळेशी नातं जुळलं ते वेगळ्याच कारणाने. प्रयोगशाळेतल्या सरांनी मला सामान मोजून कपाटात लावायचं काम दिलं, किल्ली माझ्याकडे. कुणी कौतुक केलं नाही, सर्टिफिकेट नाही, पण मी आलो नाही तर कपाट उघडत नसे. सर विचारायचे काल का नव्हतास. बस, तेवढंच. पुढे त्याच सरांच्या तासाला मी स्वतःहून प्रश्न विचारायला लागलो, हे त्यांनाही कळलं नसेल.

काम खरं पाहिजे मात्र. फळा पुसायला दिला की कळतं उगीच दिलाय.

निळीशाई
शेवटचाबाक +१. "मी आलो नाही तर अडतं", हे पाहिजे.

अर्धाखडू
सगळ्यांचे आभार. बाक, तुमचं वाचून मला दोन नावं आठवली ज्यांना मी पण असंच वर्गासमोर उभं करत असते, थांबवते. तासिकाताई, तुमचं म्हणणं मलाही पटतंय, म्हणून विचारते, शिकवतानाच करता येईल असं काही? आमच्याकडे एका सहकाऱ्याने गटकाम सुरू केलं, तर दोन हुशार मुली सगळं करतात, बाकीचे नावं लिहितात, आणि एका मुलाला भाग समजावून सांगता आला नाही तर गटातली मुलं त्याच्यावर खेकसली. मग तो दुसऱ्या दिवशी आलाच नाही.

आकडेमोड
याच्यासाठी जिगसॉ पद्धत बघा. एलियट अॅरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात ती सुरू केली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका शाळेत आली होती आणि वर्गात नुसता ताण. त्यांच्या लक्षात आलं की हात वर करून शिक्षकांना खूश करायची शर्यत चालू असेपर्यंत ही मुलं एकमेकांची होणं अवघड आहे.

धडा पाच-सहा तुकड्यांत तोडायचा. गटातल्या प्रत्येकाला एकच तुकडा, बाकीचे तुकडे त्याच्याकडे नाहीत. म्हणजे इतरांचं ऐकल्याशिवाय धडा पुरा होत नाही. पण तुमच्या सहकाऱ्याकडे जे झालं ना, ते मधली पायरी नसली की हमखास होतं. आपल्या गटाला सांगण्याआधी, तोच तुकडा मिळालेली सगळ्या गटांतली मुलं एकत्र बसतात, तुकडा समजून घेतात, कसं सांगायचं याची तालीम करतात, आणि मगच आपापल्या गटात परत. कच्चं मूल तिथे पक्कं होऊन येतं. शेवटी चाचणी प्रत्येकाची वेगळी, गटाला एकत्र मार्क नाहीत, त्यामुळे दोन मुलींनी सगळं करून काही साधत नाही. आणि कुणी खेकसलंच तर शिक्षकाने रागवायचं नाही, एवढंच म्हणायचं की हा भाग फक्त त्याच्याकडे आहे, नीट विचाराल तर मिळेल.

उगाचच
पालक म्हणून एक. माझी मुलगी वर्षाच्या मध्येच नव्या शाळेत गेली. पहिल्या दिवशी वर्गात ओळख करून दिली, सगळ्यांनी वेलकम म्हटलं, आणि मधल्या सुट्टीत ती एकटी. किती तरी दिवस. पाणी कुठे, बाथरूमला जायला कुणाला विचारायचं, कुठल्या बाकावर कुणाची जागा ठरलेली आहे, हे साधं साधं तिला कुणी सांगितलं नव्हतं. नवीन मुलाला एक जोडीदार लावून द्या ना, मधल्या सुट्टीपुरता तरी. वर्गात शिक्षक असतात हो, एकटेपणा सुट्टीत कळतो.

तासिका_तीस
हे करता येईल. बाकी जिगसॉ वगैरे मी सगळ्या धड्यांना करणार नाही, महिन्यातून एखादा, तोही आधी तुकडे तयार मिळाले तर. पण दारात उभं राहायला मला कुणाची परवानगी लागत नाही, ते उद्यापासून. विद्यार्थी मंडळाबद्दल कुणीच बोललं नाही? आमच्याकडे निवडणूक होते, बॅज मिळतात, आणि मग वर्षभर पाहुण्यांना फुलं द्यायला उभे.

आकडेमोड
हाहा. रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं विचारणं, यांना त्यांनी सहभाग म्हणायलाच नकार दिला. तुमची फुलं दुसऱ्या पायरीवर. मंडळाला एक तरी गोष्ट खरी ठरवू द्या, छोटी चालेल. ग्रंथालयात कुठली पुस्तकं घ्यायची, मैदान कुठल्या दिवशी कुणाला. आणि त्यांनी ठरवलेलं आपल्याला आवडलं नाही तरी पाळा, नाहीतर पुढच्या वर्षी उमेदवार मिळणार नाहीत.

आणि मुख्याध्यापकांना दाखवायला एक अभ्यास. वॉल्टन आणि कोहेन यांनी २०११ मध्ये दाखवलं की कॉलेजच्या नव्या मुलांना "सुरुवातीला परकं वाटतं, सगळ्यांनाच वाटतं, मग ते जातं" अशा आधीच्या मुलांच्या गोष्टी तासाभरात वाचायला-लिहायला दिल्या तर ज्या गटांना तिथे उपरं वाटायचं त्यांचे मार्क पुढची तीन वर्षं सुधारत गेले. मग सगळेच त्याच्या मागे लागले. २०२३ मध्ये २२ संस्थांमधल्या जवळपास २७ हजार विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात दिसलं की ही गोष्ट तिथेच लागू पडते जिथे त्या मुलांना खरंच सामावून घेण्याची सोय आधीपासून आहे. नुसतं "तुम्ही आमचेच" सांगून भागत नाही, मग तो 'डे' कितीही मोठा करा.

अर्धाखडू
हे प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवते. ठिपक्यांची यादी शनिवारी स्टाफ मीटिंगमध्ये लावायचं ठरलंय, दोघांनी नाकं मुरडली पण ठीक आहे. निळीशाई सर, एक शेवटचं, बिनठिपक्याची मुलं शिक्षकांमध्ये वाटताना चिठ्ठ्या टाकायच्या का?

निळीशाई
चिठ्ठ्या नको. जिथे काहीतरी धागा आहे तिथे द्या, बसला एकाच मार्गावर असलेले, एकच खेळ आवडणारे, असं. आणि जे शिक्षक नाकं मुरडतायत त्यांना पहिल्या सत्रात कुणी देऊ नका, उगीच मुलाची परवड. यादी मीटिंग संपली की लगेच उतरवा, शिपायाच्या आधी मुलंच खोलीत शिरतात.

शेवटचाबाक
आणि त्या मुलाला कधीही कळू देऊ नका की तुम्ही त्याच्या वाट्याला आलात.